रोमन धर्म खरंच ‘येईल त्याला जागा देणारा’ होता का?

सह्यवारा
कालच्या एका धाग्यात ठासून लिहिलंय : ‘रोमनांना धर्माचं सोयरसुतक नव्हतं, येईल त्या देवाला त्यांनी जागा दिली; रोमन असणं म्हणजे फक्त नागरिकत्व.’ हे इतक्यांदा वाचलंय की आता सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

इ.स.पू. २०४. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल अजून इटलीत ठाण मांडून आहे, सिबिलीन ग्रंथांचा (संकटात उघडायच्या भविष्यवाणीच्या पोथ्यांचा) कौल निघतो आणि आशिया मायनरमधून देवीमाता सिबिलीचा काळा दगड रोमला येतो. इ.स.पू. १९१ मध्ये थेट रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर देऊळ. इथवर सगळेच सांगतात. पुढचं सांगा ना! तिचे पुजारी फ्रिजियनच, म्हणजे तिच्या मूळ मुलखातलेच राहिले. रंगीत झगा घालून, बासरीच्या साथीने, रस्तोरस्ती तिच्या नावाने भिक्षा मागायला जन्माने रोमन असलेल्याला मनाई होती. प्रेटर, म्हणजे रोमचे वरिष्ठ अधिकारी, मात्र दरवर्षी तिला रोमन रीतीने बळी देत. देवीला घरात घेतलं, तिच्या रीतीला उंबऱ्यावरच थांबवलं. वाडवडिलांची रीत, त्यांची ‘मोस मायोरुम’, हाच रोमन अभिमानाचा कणा होता.

चौथा_प्रहर
साफ असहमत. एका देवीवरून अख्खं रोम ठरवू नका. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमन सेनापती कॅमिलसने शेजारचं वेई शहर जिंकताना तिथल्या जुनो देवीला देवळाचा नवस बोलून रोमच्या ॲव्हेंटाइन टेकडीवर आणलं. साथ आली तेव्हा ग्रीसमधल्या एपिडॉरसहून आरोग्यदेव अस्क्लेपियस आणला, टायबर नदीतल्या बेटावर बसवला. आणि इ.स. ४८ चं सम्राट क्लॉडियसचं भाषण विसरलात? गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) सरदारांना सिनेटमध्ये घ्यायला विरोध झाला, तेव्हा तो जुन्या राजांची यादीच वाचतो : नुमा शेजारच्या सबाइन जमातीचा, टार्क्विनियसचा बाप ग्रीसमधल्या कॉरिंथचा. लियोंला सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर हे कोरलेलं आहे. परक्याला आपलं करणं हीच त्याच्या लेखी वाडवडिलांची रीत. तुमचा कणा तुम्हालाच लखलाभ.

दगडीपाटी
पत्र्यांचाच विषय निघालाय तर दक्षिण इटलीत तिरिओलोला सापडलेला, आता व्हिएन्नात असलेला पत्राही वाचा. इ.स.पू. १८६, मद्याचा देव बॅकस याच्या पूजेवर सिनेटचा ठराव. एकत्र पूजेला जास्तीत जास्त पाच जण, दोन पुरुष आणि तीन बायका. त्याहून जास्त हवे असतील तर रोममध्ये प्रेटरकडे अर्ज, आणि सिनेटमध्ये किमान शंभर सभासद हजर असताना परवानगी. पुरुष पुजारी नको, सामायिक निधी नको, आपसात शपथा नकोत. पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत पूजास्थानं मोडा. अवज्ञेला देहदंड. याला जागा देणं म्हणायचं?

चौथा_प्रहर
निधी, शपथा, पदाधिकारी. तुम्हीच यादी दिलीत! सिनेटला भीती संघटनेची होती, देवाची नव्हती. पूजा पूर्ण बंद केलीच नाही. हे राजकारण आहे.

सह्यवारा
ही राजकारण-धर्म फाळणी आपली आहे, त्यांची नव्हे. तिथे पाँटिफ (धर्मकृत्यांवर देखरेख करणारा पुरोहित) आणि सिनेटर बहुधा एकच माणूस असे.

निर्मोही
दोघंही उगाच भांडताय. रोमन धर्म म्हणजे कोरडं कर्मकांड. मंत्र पुटपुटा, बैल कापा, मोकळे व्हा. त्यात कसली अस्मिता?

दगडीपाटी
‘कोरडं कर्मकांड’ वाचलं की माझं डोकं फिरतं. निदान त्यांचं काम काय होतं ते तरी बघा!

बळीच्या कपाळावर शिंपडायचं मीठ-पीठ, मोला साल्सा. ७ ते १४ मे दरम्यान, एक दिवसाआड, तीन ज्येष्ठ वेस्टल कुमारिका (चुलीची देवी वेस्टा हिच्या पुजारिणी) जुन्या जातीच्या गव्हाची कणसं टोपल्यांत गोळा करत. भाजणं, कांडणं, दळणं त्यांचंच. मीठ वेगळं : खडेमीठ उखळात कुटून मातीच्या मडक्यात भरायचं, तोंड जिप्समने लिंपायचं, भट्टीत भाजायचं. त्याची वडी लोखंडी करवतीने कापून रांजणात टाकायची. वर घालायचं पाणी वाहतं; नळातून आलेलं अजिबात चालत नसे. हे मिश्रण वर्षातून फक्त तीनदा होई : १५ फेब्रुवारी, जूनमधला वेस्टाचा सण वेस्टालिया आणि १३ सप्टेंबर. अधिकारी टोगाचा पदर डोक्यावर घेऊन उभा, कानावर अशुभ आवाज पडू नये म्हणून शेजारी बासरी चालू.

आणि चूक झाली तर? इ.स.पू. १७६, रोम आणि लॅटिन शहरांचा सामायिक लॅटिन उत्सव. लानुव्हियम या लॅटिन शहराच्या अधिकाऱ्याचं एका बळीच्या वेळी प्रार्थनेत ‘रोमन जनतेसाठी’ एवढंच म्हणायचं राहून गेलं. प्रकरण सिनेटपुढे, तिथून पाँटिफांकडे. निकाल : अख्खा उत्सव पुन्हा करा आणि बळींचा खर्च लानुव्हियमने द्यावा. राष्ट्राचं नाव सुटलं म्हणून सगळं पहिल्यापासून! यात अस्मिता नसेल तर कशात आहे?

निर्मोही
एवढं चिडायचं कारण नव्हतं. पण दगडफोडीसारखी मेहनत घेतली म्हणून श्रद्धा सिद्ध होत नाही.

दगडीपाटी
श्रद्धेचा प्रश्न तुम्ही आणलात. मी अस्मितेबद्दल बोलतोय. मनात काय आहे हे त्या निकालात कुणी विचारलेलंच नाही.

चौथा_प्रहर
लानुव्हियमचा दाखला चोख आहे, नाइलाजाने मान्य. पण तो प्रजासत्ताकाचा. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं. त्यानंतर कुठली वाडवडिलांची रीत? कुणाचे वाडवडील?

सह्यवारा
त्यानंतरच तर ती सक्तीची झाली! चाळीस वर्षंही लोटली नव्हती आणि सम्राट डेसियसने फर्मान काढलं : सगळ्यांनी बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत इ.स. २५० चे हे पपायरस दाखले सापडलेत. मजकूर ठरलेला : देवांना मी नेहमीच बळी देत आलो, आताही फर्मानाप्रमाणे तुमच्यासमक्ष अर्घ्य दिलं, बळी दिला, नैवेद्य चाखला, खाली सही करावी. त्यात एक दाखला इजिप्तमधल्याच अर्सिनोईच्या पेटेसूखोस या मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. जिचा जन्मच देवपूजेत गेला, तिलासुद्धा रोमन म्हणून पुन्हा हजेरी लावावी लागली.

चौथा_प्रहर
आणि त्याच दाखल्यात, रोमन अधिकाऱ्यांपुढे, ती स्वतःला मगरदेवाची पुजारीण म्हणवते. मगरदेव सोड असं तिला कुणी सांगितलं नाही. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.