फिजिओथेरपीचे शिक्षण परवडणारे कसे होईल?

प्रश्न: शुल्काची तजवीज कर्ज काढून तरी होते, परंतु रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन नसताना प्रवास आणि घरभाडे अंगावर येते, असा माझा अनुभव आहे. दर्जा न घसरू देता हा भार कोठे हलका करता येईल?

उत्तर १: शरीररचनेची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात, मात्र गुडघा वाकवताना तो नेमका कोठे अडतो, हे हाताखालीच कळते. म्हणून प्रात्यक्षिके सलग काही दिवसांच्या शिबिरात घ्यावीत, म्हणजे नोकरी सोडावी लागणार नाही.

उत्तर २: कालावधीही पाहावा. अमेरिकेत पदवीनंतर साधारण ३ वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट (संशोधनाची पीएच.डी. नव्हे) लागते, तर अनेक देशांत पदवीच पुरते.

प्रश्नकर्ता: शिबिरे पटतात, पण प्रशिक्षणाचे रुग्णालय घराजवळ मिळाले, तरच भाडे वाचेल.