मदत हवी आहे: ब्यूटच्या (मोंटाना) खाणकामगारांची कागदपत्रं, हाताशी फक्त चार दिवस

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये सिएटलला बहिणीकडे जातेय. त्यातले चार दिवस काढून मोंटानातल्या ब्यूटला जायचं पक्कं केलंय. तिथलं सार्वजनिक अभिलेखागार अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत आहे आणि मला दिवसभर तिथेच बसायचंय. जुन्या दफ्तरांत काम केलेल्यांनी, त्यातही परदेशात केलं असेल तर नक्कीच, कृपया वाचून सांगा.

थोडी पार्श्वभूमी. ब्यूट हे तांब्याचं गाव. तिथे आयरिश, कॉर्निश, फिनिश, सर्ब अशी सगळीकडची माणसं खाणीत उतरत. ८ जून १९१७ च्या रात्री ग्रॅनाइट माउंटन खाणीत विजेची जाड केबल खाली सोडताना निसटली. तिचं तेलकट वेष्टन उघडं पडलं, तपासायला गेलेल्या माणसाच्या कार्बाइडच्या दिव्याने ते पेटलं आणि १६८ माणसं गेली. मॅनस डुगन या खाणकामगाराने विषारी वायू अडवायला आत भिंत उभारून २५ जणांना वाचवलं, तो स्वतः परत आला नाही. त्या रात्रीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला हवंय त्याआधीचं साधं रोजचं जगणं: पाळी कुठली, रोज किती, खानावळीत एका खोलीत किती जण.

यासाठी ५ जून १९१७ ही तारीख फार मोलाची आहे. आगीच्या तीनच दिवस आधी देशभर २१ ते ३० वर्षांच्या पुरुषांची सैन्यभरतीसाठी नोंदणी झाली. त्या कार्डावर नाव, पत्ता, जन्मस्थळ, काम, मालक सगळं लिहिलेलं असतं. त्यातल्या एका फिनिश माणसाच्या कार्डाची प्रत माझ्याकडे आहे. कारकुनाने वर आडनावात एकच 'ए' लिहिलाय, खाली सही करताना त्याने मात्र दोन 'ए' काढलेत, दुसरा जरा जोर देऊन. पत्ता ईस्ट ब्रॉडवेवरच्या खानावळीचा, म्हणजे फिनटाउन या फिनिश वस्तीतला. पण १९२० च्या जनगणनेत तो मला कुठल्याच स्पेलिंगने सापडत नाही.

माझे वडील वणीकडच्या कोळसा खाणीत हजेरी बाबू होते. फॉर्म-बी रजिस्टरमध्ये नाव लिहिताना ते माणसाकडून दोनदा वदवून घेत. एक अक्षर चुकलं की पुढे त्याची पेन्शन अडते, म्हणत. त्या दोन 'ए'पाशी मी अडकलेय ती त्यामुळेच.

आता प्रश्न.

अ‍ॅनाकोंडा या तिथल्या बड्या तांबे कंपनीने १९१२ मध्ये 'रसलिंग कार्ड' सुरू केलं. आधी कंपनीच्या कचेरीत अर्ज करायचा, आधी कुठे काम केलं ते सांगायचं, चौकशीत पास झालात तर कार्ड मिळायचं आणि ते दाखवल्याशिवाय खाणीवर काम मागताही यायचं नाही. युनियनवाल्यांना बाहेर ठेवायला हे फार सोयीचं होतं, आणि कामगारांचा त्यावर प्रचंड राग होता. पण आज त्याच कागदांतून माणसाचा माग लागू शकतो. अशा नोकरीच्या कार्डांचा शोध कोणी घेतलाय का? आडनावावरून मागायचं की खाणीच्या नावावरून? माझा माणूस ज्या खाणीत होता ती नॉर्थ ब्यूट कंपनीची, अ‍ॅनाकोंडाची नव्हे. मग त्याचे हजेरीचे कागद वेगळ्या संग्रहात शोधायला लागतील का?

दुसरं, युनियनची वह्या-पुस्तकं. ब्यूटची युनियन १८७८ ची, साडेतीन डॉलर रोज टिकवायला उभी राहिलेली. पण जून १९१४ मध्ये कामगारांच्याच आपसातल्या भांडणात तिची तिजोरी बाहेर नेऊन फोडली आणि दहा दिवसांनी अख्खा हॉल सुरुंगाने उडवला. ही युनियन ज्या मोठ्या संघटनेची शाखा होती, त्या वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्सचे कागद कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला आहेत. ब्यूटच्या शाखेचा पत्रव्यवहार तिथे पाहिलेला कोणी आहे का? असेल तर तिकडचं काम मेलवर होतं की जावंच लागतं?

आणि तिसरं, ज्यावर मला खरंच सल्ला हवाय. नावांचा तक्ता कसा करावा? 'माकी' म्हणजे फिनिशमध्ये टेकडी. कित्येक माकी अमेरिकेत 'हिल' झाले, आणि काही एकाच खानावळीत दोन-तीन निघतात. पेशवे दफ्तरात मोडीतून नावं काढणारी मंडळी इथे आहेत. तुम्ही मूळ लेखन, सुधारलेलं लेखन आणि तुमचा अंदाज असे तीन वेगळे रकाने ठेवता का? मी आत्तापर्यंत एकच ठेवला, आणि आता कुठलं स्पेलिंग कागदातलं आणि कुठलं माझं, हेच ६० नावांत कळेनासं झालंय.

भर (रात्री): एका सभासदाने सुचवलं की खानावळवालीच्या नावाने शोध, भाडेकरू बदलतात, ती बदलत नाही. १९१०, १९२० ची जनगणना आणि मधल्या सालांच्या शहर डिरेक्टऱ्या त्या पत्त्यावरून उद्या पुन्हा काढते. अजून कोणाला काही सुचलं तर ऑगस्टअखेरपर्यंत जरूर लिहा, मला अभिलेखागाराला आधी यादी पाठवायची आहे.