मदत हवी आहे : आई, बाबा आणि मावशीला भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून पाच दिवस गोवा दाखवायचाय

नमस्कार मंडळी,

माझं माहेर अकोला आणि सासर फोंडा. अकरा वर्षं गोव्यात राहूनही हा धागा काढतेय, कारण नोकरीच्या धावपळीतला गोवा मला पाठ आहे, पण वयस्कर माणसांना घेऊन कसा फिरायचा ते कळत नाही.

पौष वद्य एकादशी ते अमावास्या असे पाच दिवस आई, बाबा आणि मावशी येताहेत. आई ७१ वर्षांची. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. सपाटीवर आरामात चालते, पण मांडी घालता येत नाही आणि उंच पायरी आली की हात द्यावा लागतो. मावशी कट्टर शाकाहारी, मासळीच्या कढईतला डावसुद्धा तिला चालत नाही. बाबा ७६ वर्षांचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सायकलवरून पाटाच्या कडेकडेने हिंडायचे आणि दार किती फिरक्या उघडलं याची वहीत नोंद ठेवायचे. ती वही अजून घरी आहे.

याआधी ते २०१९ मध्ये आले होते, पण तेव्हा माझं बाळंतपण होतं. म्हणून मी त्यांना एका सहलवाल्यांच्या बसने पाठवलं. दोन दिवसांत चौदा ठिकाणं झाली. प्रत्येक जागी वीस मिनिटं. आई चढउताराला घाबरून बहुतेक वेळ बसमध्येच बसून राहिली. समुद्र तिने काचेतून पाहिला, तिचा पाय पाण्याला लागला नाही. हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. ते मला अजून टोचतं. या वेळी घाई करायची नाही, ठिकाणं कमी झाली तरी चालतील.

मी केलेला आराखडा असा :

एकादशीला मावशीचा उपास, त्यामुळे फोंड्यातच थांबायचं. कवळे, नागेशी, म्हार्दोळची देवळं, जमेल तेवढी. द्वादशीला चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जागा तशी लहान आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळं कांदळवन. होडीतून आत जायचं. त्रयोदशीला डोंगर, म्हणजे रिवणजवळ कुशावतीच्या काठावरची उसगाळीमळची कातळचित्रं आणि नेत्रावळीची बुडबुड तळी. तिथूनच काणकोणात उतरून दोन रात्री मुक्काम. चतुर्दशीला पूर्ण दिवस समुद्र. अमावास्येला परत.

दूधसागर मी मुद्दाम वगळलाय. कुळ्याहून जीप जाते ती दगडधोंड्यांतून आणि ओढ्यातून, तेवढे हिसके आईच्या गुडघ्याला नकोत.

भरतीचा हिशेब माझ्या सासऱ्यांनी शिकवला : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे सकाळी नऊला पाणी भरलेलं. चतुर्दशीला साडेदहाला भरती आणि पावणेपाचच्या सुमाराला पूर्ण सुकती. हे बरोबर आहे ना?

आता प्रश्न.

चोडणच्या होडीत बसायची फळी खूप खाली असते का? गुडघा काटकोनापलीकडे वाकत नसेल तर बसता-उठता येईल का?

बाबांना खाजन शेती आणि मानस दाखवायची आहे. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं दार. जन्मभर त्यांनी एकाच दिशेने वाहणारं पाणी राखलं. इथे दिवसातून दोनदा दिशा बदलणारं पाणी कसं राखतात, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जवळून बघता येईल का?” गाडी जवळ नेता येईल आणि कुणाच्या कामात लुडबुड होणार नाही, अशी जागा कुठे आहे?

काणकोणात मावशीच्या जेवणाचं काय करावं?

शेवटचा प्रश्न पौष अमावास्येचा. दुर्भाट भागात त्या दिवशी शेतकरी चिखलाची मगर करून पूजतात, मानगे थापणी. कुंभारजुवे कालव्यात खऱ्या मगरी आहेत, हे बाबांना सांगून झालंय. बाहेरच्या माणसांनी गेलेलं गावकऱ्यांना चालतं का?

प्रतिसाद : मांडवीतीर

ताई, पाऊणपटीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, पण तो अंदाजापुरता धरा. गोव्यात भरती मुंबईच्या आधी लागते, आणि नदीत जितकं आत जाल तितकी उशिरा पोचते. आदल्या दिवशी मुरगाव बंदराचा तक्ता बघा. होडीवाल्याला विचारलंत तर उत्तमच, त्याचं पोट त्यावर आहे. आणखी एक, भरतीला होडी कांदळवनात आतपर्यंत शिरते हे खरं, पण चिखलात टिपणारे पक्षी ओहोटीलाच दिसतात. भरती उतरायला लागली की निघा, दोन्ही थोडं थोडं मिळेल.

फळी खालीच असते. घरून जाड उशी न्या. चढताना आधी तुम्ही आत उतरा, आईंनी धक्क्यावर बसून पाय आत सोडावेत आणि तुमच्या खांद्यावर भार द्यावा. उभ्याने पाऊल टाकू देऊ नका, होडी सरकते.

चोडणहून आल्या वाटेने परतू नका. रायबंदरहून फेरीने चोडण, तिथून रस्त्याने मयेवरून नार्वे, नार्व्याहून फेरीने दिवाडी, आणि दिवाडीहून फेरीने जुने गोवे. एका दिवसात दोन बेटं होतात. नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला, तेच पाणी तुम्ही उलट ओलांडाल. मी नार्व्याच्या फेरीवर चढलो की दर वेळी हे मनात येतं.

फेरीत आईंना गाडीतच बसू द्या. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब उघडा पडतो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो. धडधाकट माणसंही तिथे घसरतात.

प्रतिसाद : काणकोणची सून

समुद्रासाठी पाळोळ्याचा किनारा गाठा, आगोंदचा नको. आगोंद देखणा आहे, पण तिथे तळ लवकर खोल जातो आणि लाट ओढते. पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा, दोन्ही टोकांना खडक, त्यामुळे पाणी शांत. बरंच आत गेलं तरी गुडघाभरच. संध्याकाळी चारनंतर ओली वाळू घट्ट झालेली असते, तिच्यावर आईंना काठीशिवायही चालता येईल. पाण्यात नेताना मात्र दोघांनी दोन बाजूंना राहा.

उत्तर टोकाला काणकोण बेट आहे, ओहोटीला लोक चालत जातात. तुम्ही ते लांबूनच दाखवा. खडक निसरडे आहेत आणि पाणी फिरलं की मागची वाट बुडते. माझ्या दिराला एकदा छातीभर पाण्यातून यावं लागलं होतं. बटरफ्लाय किनाऱ्याच्या होडीतही लाटांमधून चढावं लागतं, तेही नको.

सकाळी गालजीबागच्या किनाऱ्यावर जा. सुरूच्या झाडांखाली गाडी लावून बसता येतं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखातं घरट्यांभोवती जाळी लावतं. लांबून बघा आणि रात्री बॅटरीचा उजेड नको.

मावशींसाठी खोली घेताना चूल वापरता येईल अशी बघा. भात, तोंडाक (नारळाच्या वाटणातली कडधान्याची आमटी), सोलकढी, सगळं खोलीवरच होतं. डाळतांदूळ फोंड्याहून आणा, नारळ इथे कुणीही देईल.

प्रतिसाद : मांडवीतीर

मानशीचं राहिलं होतं. दिवाडीवर नदीकडेने खाजनं आहेत. शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवून जो कोणी दिसेल त्याला विचारा, बांधावर घेऊन जाईल. दाराला चाक नाही, फिरक्या नाहीत. दार वरून टांगलेलं. भरती आली की नदीचं पाणी त्याला बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून उघडतं. म्हणून ओहोटी लागते तेव्हाच जा, दार हलताना दिसलं पाहिजे. दाराशी जाळं लावायचा हक्क लिलावात गेलेला असतो, तेवढं त्याला हात लावू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाळोळं ठरलं, आगोंद रद्द. चोडण–नार्वे–दिवाडी फेरा कागदावर काढून बाबांना फोटो पाठवला. नार्व्याला थोडं लवकर पोचून दुपारचं जेवण तिथेच उरकायचं, म्हणजे दिवाडीवर उजेडात आणि उतरत्या पाण्यात पोचू.

मानशीचा प्रतिसाद मी फोनवर बाबांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, “दार लाकडाचं की लोखंडाचं? बिजागरी कुठे?” आणि ती वही सोबत आणतो म्हणाले.

आईला एवढंच सांगितलं की चतुर्दशीला संध्याकाळी पाण्यात उतरायचंय. ती म्हणाली, सुती साडी घेते, लवकर वाळते.

दुर्भाटबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. त्या गावचं कुणी वाचत असेल तर कृपया सांगा : सकाळी किती वाजता असतं, आणि आम्ही चौघं कडेला उभे राहिलो तर चालेल का?