छोट्या बोटीतून पॉपरने पिवळ्या पराचा कुपा पकडणे: मस्कतच्या समुद्रासाठी मार्गदर्शन हवे आहे

मस्कतवासी

सर्वांना नमस्कार. मी मूळचा रत्नागिरीचा असून गेली सात वर्षे नोकरीनिमित्त मस्कतला राहतो. आम्हा तीन मित्रांनी मिळून २३ फुटांची एक जुनी फायबरची बोट घेतली आहे. तिला एकच आउटबोर्ड इंजिन आहे आणि आवश्यक ते परवाने काढून आम्ही जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी समुद्रात जातो. इथे किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच पाणी शेकडो मीटर खोल होत असल्यामुळे यलोफिन ट्यूना, म्हणजे आपला पिवळ्या पराचा कुपा, छोट्या बोटीच्याही आवाक्यात येतो. इथले ओमानी कोळी त्याला ‘जैधर’ म्हणतात, काही जण ‘गैधर’ असाही उच्चार करतात, आणि लहानपणापासून कुप्याचे कोकणातले ‘गेदर’ हे नाव ऐकत आलेल्या माझ्या कानाला तो शब्द पहिल्याच दिवशी घरचा वाटला.

आजवर आम्ही बोटीमागे आमिष ओढत मासे धरले. आता मात्र उभे राहून पॉपर (खोलगट तोंडाचे, पाण्यावर आवाज करणारे नकली आमिष) फेकून, पाण्याच्या पृष्ठभागावर हा मासा धरावा अशी तीव्र इच्छा आहे. गेल्या चार फेऱ्यांत थवे भरपूर दिसले. डॉल्फिन, पक्षी, उसळणारे मासे असे सारे काही होते, पण आम्ही पोहोचेपर्यंत दर वेळी थवा खाली बुडी मारतो आणि चारशे मीटरवर पुन्हा वर येतो. दोनदा मासा लागला. पहिल्या वेळी तो बोटीखालून गेला आणि दोरी तुटली. दुसऱ्या वेळी पॉपर परत आला तो त्रिशूळ गळाचे दोन आकडे सरळ झालेल्या अवस्थेत. बोट थव्याजवळ कशी न्यावी, पॉपर नेमका कसा ओढावा आणि सामान कोणत्या ताकदीचे असावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

दर्यावर्दी

मस्कतवासी, आपला प्रश्न वाचून माझी त्याच पाण्यातली पहिली दोन वर्षे आठवली. मीही त्या काळात एकामागून एक पॉपर विकत घेत राहिलो आणि दोष रंगाचा आहे की आकाराचा, याचाच विचार करत राहिलो. दोष बोट चालवण्यात होता. आपण थव्याच्या मागे धावत आहात, आणि मागून वेगाने येणाऱ्या इंजिनाच्या आवाजाने हा मासा बुडी मारणारच.

तिथे कुपा बहुधा उडी मारताना स्वतःभोवती गिरक्या घेणाऱ्या, लांब चोचीच्या डॉल्फिनांसोबत फिरतो. डॉल्फिनांचा घोळका दिसला की पाचशे मीटर अलीकडेच वेग कमी करावा आणि किमान पाच मिनिटे काहीही न करता फक्त पाहावे: घोळका कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे, सुरय पक्षी उंचावर नुसते घिरट्या घालत आहेत की पाण्यावर सूर मारत आहेत, आणि डॉल्फिनांच्या पुढे, मागे की बगलेला पाणी फुटते आहे. त्यानंतर मोठा वळसा घेऊन, घोळक्याला स्पर्शही न करता, त्यांच्या वाटेवर दोन-अडीचशे मीटर पुढे आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन थांबावे. इंजिन न्यूट्रलला ठेवावे. ते वारंवार बंद-चालू करणे किंवा मागेपुढे गिअर टाकणे टाळावे, कारण संथ, एकसारख्या आवाजापेक्षा आवाजातला अचानक बदल माशाला जास्त बिचकवतो, असा माझा अनुभव आहे. मग थव्याला आपल्याकडे येऊ द्यावे आणि वारा पाठीशी असल्याने फेकही लांब जाते. दहा वेळा असे थांबलात तर सहा वेळा थवा दिशा बदलेल. तरीही उरलेल्या चार संधी पाठलागाच्या चाळीस संधींपेक्षा मोलाच्या असतात.

डॉल्फिनांच्या मध्ये पॉपर कदापि फेकू नये. त्यांना गळ लागणे हे पाप तर आहेच, शिवाय कुपा बहुतेक वेळा त्यांच्या खाली किंवा थोडा मागे असतो, त्यामुळे डॉल्फिन पुढे निघून गेल्यावरची मोकळी जागा हीच फेकण्याची खरी जागा.

आता पॉपर ओढण्याबद्दल. कुप्यासाठी सतत धडाधड ओढण्याची गरज नसते. पॉपर पाण्यावर पडताच ढिली दोरी गुंडाळून घ्यावी, काठी खाली ठेवून कमरेच्या जोरावर एक लांब झटका द्यावा, म्हणजे पॉपरच्या खोलगट तोंडातून ‘डुब्ब’ असा जाड आवाज येतो आणि मागे बुडबुड्यांची शेपटी राहते. मग दोन-तीन सेकंद थांबावे आणि पुन्हा ओढावे. मासा बहुधा त्या थांबण्यातच येतो. पॉपरमागे पाण्याचा फुगवटा दिसला किंवा मासा उसळून चुकला, तरी ओढण्याची लय मोडू नये आणि डोळ्यांना दिसले म्हणून हिसका देऊ नये. हाताला वजन लागेपर्यंत थांबावे. हे लिहायला सोपे आहे, पण पाण्यातून तीस किलोचा मासा अर्धा बाहेर आलेला पाहताना हात आवरणे शिकायला मला एक संपूर्ण हंगाम लागला.

थवा मांदेलीएवढ्या बारीक मासळीवर तुटून पडला असेल, तर मोठ्या पॉपरकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्या वेळी १२०-१४० मिलिमीटरचा, खोलगट तोंड नसलेला, पाण्यात नागमोडी चालणारा स्टिकबेट लावावा. समुद्राला डोल असेल आणि पृष्ठभाग खडबडीत असेल, तेव्हा मात्र पॉपरचा आवाजच उपयोगी पडतो.

अलिबागकर

सामानाबद्दल मी लिहितो, कारण आपल्या दोन्ही हुकलेल्या माशांचे कारण त्यातच दिसते आहे.

त्या आकाराच्या कुप्यासाठी पीई ६ ची (पीई हे दोरीच्या जाडीचे माप) विणलेली दोरी किमान ३०० मीटर, ती सामावणारे १८००० आकाराचे रीळ, साडेसात-आठ फुटांची फेकीची काठी आणि पुढे १०० ते १३० पौंडांचा दीड-दोन मीटर नायलॉनचा लीडर (दोरी आणि पॉपर यांच्यामधला जाड तुकडा), एवढे पुरेसे आहे. लीडर एफजी गाठीने जोडावा. ही गाठ काठीच्या कड्यांतून अडखळत नाही. मात्र ती घरी निवांत बसून बांधावी आणि हातमोजे घालून पूर्ण ताकदीने ओढून पाहावी. बोटीवर घाईत बांधलेली एफजी गाठ पहिल्याच धावेत सुटते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर रीळ ज्या ताणाला दोरी सोडते तो ताण, अंदाजाने कसू नये. बोटीवर चढण्याआधी दोरीला स्प्रिंगचा वजनकाटा लावून, काठी वाकवून, तो मोजावा. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा ही मर्यादा धरली, तर पीई ६ साठी नऊ-दहा किलोच्या आसपास थांबावे लागते आणि सुरुवातीच्या धावेसाठी सात किलोही पुष्कळ झाले. आपला त्रिशूळ गळ सरळ झाला, याचा अर्थ एक तर गळ हलका होता किंवा ड्रॅग त्याला न पेलणारा होता.

माझा आग्रह असा की २३ फुटांच्या बोटीवर त्रिशूळ गळ वापरूच नयेत. तीन माणसे, डोलणारी बोट, तळाशी शेपूट आपटणारा मासा आणि त्याच्या तोंडाबाहेर लोंबणारे तीन उघडे आकडे, हे चित्र मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. मित्राच्या अंगठ्याच्या मुळाशी गळ टोकाजवळच्या उलट्या काट्यासकट घुसला होता आणि मासा अजून त्याच गळाच्या दुसऱ्या आकड्यावर उड्या मारत होता. जाड तारेचे एकेरी गळ लावावेत, काटा पक्कडीने दाबून टाकावा आणि गळाची तार तोडणारे कटर नेहमी हाताशी असावे. गळ बदलल्याने पॉपरचे वजन बदलते, म्हणून बंदरातच पाण्यात सोडून पाहावे: शेपटीकडून तिरका बुडून, तोंड पाण्याबाहेर ठेवून तो तरंगला पाहिजे. आडवा तरंगला तर ‘डुब्ब’ आवाज येणार नाही, तेव्हा मागचा गळ थोडा जड लावावा.

आणखी एक. तिघांनी एकाच वेळी फेकू नये. एक नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला), एक मागे आणि तिसरा सुकाणूवर, हा नियम थवा कितीही जवळ आला तरी मोडू नये. फेकणाऱ्याने प्रत्येक वेळी मागे वळून पाहावे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दर्यावर्दी

अलिबागकरांशी पूर्ण सहमत आहे. बोटीखाली जाणाऱ्या माशाबद्दल लिहायचे राहिले होते. मासा लागताच सुकाणूवरच्या माणसाचे काम सुरू होते. दोरी नेहमी बोटीच्या एका बगलेला, काठीपासून तिरकी बाहेर जाताना दिसली पाहिजे. ती सरळ खाली जाऊ लागली की हळूच पुढचा गिअर टाकून बोट बाजूला काढावी, म्हणजे दोरी पंख्यावर घासणार नाही. शेवटच्या टप्प्यात कुपा बोटीखाली गोल फिरू लागतो. प्रत्येक फेरीत त्याचे डोके आपल्याकडे वळते तेवढ्या क्षणीच गुंडाळावे आणि तो पाठ फिरवेल तेव्हा नुसते धरून राहावे. ही लढत उगाच लांबवू नये, कारण मासा थकतो, त्याचे मांस बिघडते आणि शार्कलाही संधी मिळते.

शीतगृहवाला

मी मासळी निर्यातीच्या व्यवसायात अठरा वर्षे काम केले आहे, म्हणून मासा बोटीवर आल्यानंतरचे सांगतो. हौशी मंडळी इथेच सर्वांत जास्त नुकसान करतात.

कुपा हा गरम अंगाचा मासा आहे. त्याच्या स्नायूंतली उष्णता रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यामुळे अंगातच राहते आणि लढतीत ती आणखी वाढते. तसाच उन्हात ठेवला तर त्याचे लाल, चकचकीत मांस फिके आणि शिजल्यासारखे भुसभुशीत होते. शिवाय बर्फाविना राहिलेल्या कुप्यात जीवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते आणि ते मग कितीही शिजवले तरी जात नाही. तोंड लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर पित्त उठणे हा त्याचाच परिणाम.

म्हणून मासा आत येताच डोळ्यांच्या किंचित वर-मागे, कपाळाच्या मध्यावर, टोकदार सळई मेंदूत घालून त्याला तत्काळ शांत करावे. मग छातीचा पर अंगाला चिकटवून पाहिल्यास त्याखाली जी खाच दिसते, तिथे पराच्या मुळापासून तीन-चार बोटे मागे, दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर खोल उभा छेद द्यावा आणि कल्ल्यांमागचा पडदाही कापावा. पाच-सात मिनिटे समुद्राचे पाणी ओतत रक्त जाऊ द्यावे. त्यानंतर आतडी आणि कल्ले काढून मासा बर्फ व खाऱ्या पाण्याच्या मिश्रणात पूर्ण बुडवावा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा आतून थंड व्हायला फार वेळ लागतो. आपल्या बोटीत तीस किलोच्या माशासाठी जागा आणि बर्फ नसेल, तर तो धरूच नये, असे मी स्पष्ट सांगेन.

लहान माशांचेही सांगतो. साधारण एक मीटर लांबीचा, म्हणजे वीस किलोच्या आसपासचा कुपा प्रौढ धरला जातो. त्याखालचे मासे सोडावेत. हिंदी महासागरातला या माशाचा साठा २०१५ मध्ये अतिमासेमारीने घटलेला म्हणून जाहीर झाला होता. २०२४ च्या मूल्यमापनात स्थिती सुधारलेली आढळली ही आनंदाची बातमी आहे. सोडताना मासा नुसता पाण्यात ठेवू नये. कुप्याला श्वासासाठी सतत पोहावे लागते, म्हणून डोके खाली करून, बाणासारखा जोराने पाण्यात सोडावा, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहून तो लगेच चालू लागतो.

मालवणी_गरी

उत्तम चर्चा. असाच प्रयोग मालवणहून छोट्या बोटीने करता येईल का?

अलिबागकर

यलोफिनसाठी ते व्यवहार्य नाही. आपल्या किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ फार रुंद आहे. मुंबईसमोर तो २०० किलोमीटरहून अधिक पसरला आहे. दक्षिणेकडे अरुंद होत गेला तरी खोल पाण्याची कड छोट्या बोटीने एका दिवसात जाऊन येण्याजोगी नाही. किनाऱ्याजवळ येणाऱ्या छोट्या गेदरासाठी मात्र हलकी काठी आणि तीस-चाळीस ग्रॅमचा धातूचा आमिषमासा घेऊन अवश्य प्रयत्न करावा. बोट थव्यासमोर नेण्याची रीत तीच आहे.

मस्कतवासी

मंडळी, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. कालच जाऊन आलो. ड्रॅग वजनकाट्यावर सात किलो लावला, त्रिशूळ गळ काढून एकेरी लावले आणि संपूर्ण सकाळ एकाही थव्याचा पाठलाग केला नाही. तीन वेळा पुढे जाऊन थांबलो आणि तिन्ही वेळा घोळका बगलेने निघून गेला. माझा मित्र चिडून इंजिनाकडे हात नेत होता, त्याला अडवावे लागले. चौथ्या वेळी डॉल्फिन बोटीच्या दोन्ही बाजूंनी इतके जवळून गेले की त्यांच्या श्वासाचे फवारे अंगावर आले. ते पुढे गेल्यावर मी मागच्या मोकळ्या पाण्यात फेक केली आणि दुसऱ्या ‘डुब्ब’नंतरच्या थांबण्यात पाणी फाटले. हिसका दिला नाही, वजन येऊ दिले. पस्तीस मिनिटांनी मासा बगलेला आला. त्याच्या पोटाकडची सोनेरी झाक आणि शेपटीजवळचे छोटे पिवळे पर पाण्यातच चमकत होते. वजन २४ किलो भरले. शीतगृहवाले साहेबांच्या सूचनेप्रमाणे छेद दिला, बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि रात्री कापला तेव्हा मांस शेंदरी-लाल होते.

एक शंका उरली आहे. पॉपर आणि गळ यांना जोडणारी कडी थोडी उघडलेली दिसते. ती दाबून पुन्हा वापरावी का?

अलिबागकर

मनःपूर्वक अभिनंदन. कडी दाबून वापरू नये, टाकून द्यावी. एकदा ताणलेली तार पुढच्या माशाला त्याच जागी उघडते. २०० पौंडांच्या ताकदीच्या कड्या घ्याव्यात आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन, नखाने फट तपासून पाहावी. लीडरचा पॉपरजवळचा हातभर तुकडाही बोटांतून फिरवून पाहावा. दातांनी खरबरीत झाला असेल, तर तेवढा कापून गाठ नव्याने बांधावी.