शब्दचर्चा : दोन धर्म 'पाळणे' की 'मानणे'?

विचारणा
एका लेखाचा अनुवाद करतेय. अमेरिकेतल्या सिएटलच्या ॲन होम्स रेडिंग एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या धर्मगुरू होत्या. २००६ मध्ये त्यांनी कलमा पढला आणि २००७ मध्ये जाहीर केलं, की मी ख्रिस्ती आहे आणि मुसलमानही. 'त्या दोन्ही धर्म पाळतात' चालेल? की 'उभयधर्मी'?

प्रतिसाद
'पाळणे' आचाराला लागतं. रोजा, सुतक, पथ्य पाळतात. तेवढ्यापुरतं बाईंचं निभत होतं, शुक्रवारी नमाज आणि रविवारी चर्च. अडतं ते 'मानणे'पाशी. कुराणात ईसा मसीह आहे, मरियमच्या नावाची सूरा (अध्याय) आहे, कुमारीच्या पोटी जन्मही मान्य आहे. पण चौथ्या सूरेत त्याला क्रूसावर मारलंच नाही असं म्हटलंय, आणि ११२ व्या सूरेत अल्लाहने कुणाला जन्म दिला नाही. ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे ती नेमकी देवपुत्र, क्रूस आणि पुनरुत्थान यांवर.

प्रतिसाद
मराठीत 'मानणे' इतकं कडक कुठंय? माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणारी किती माणसं मखदूमबाबांच्या दर्ग्यातही डोकं टेकवतात. विचारा, 'आम्ही दोन्ही मानतो' म्हणतील. त्यातली बरीच ना ख्रिस्ती, ना मुसलमान!

प्रतिसाद
ही दोन वेगळी 'मानणे' आहेत. 'बाबांना मानतो' यात भक्ती आली, नवस आला. 'येशू पुन्हा उठला असं मानतो' यात विधान आलं, आणि विधान म्हटलं की हो किंवा नाही. पहिल्या अर्थानं दहा ठिकाणं मानता येतात. रेडिंगबाईंचा पेच दुसऱ्या अर्थाचा आहे. माझ्या मते तो सुटत नाही, पण अनुवादकाने तो सोडवायचाही नसतो.

प्रतिसाद
नायजेरियात लागोसला 'ख्रिस्लाम' नावाचे पंथ आहेत, योरुबा लोकांमधले. एकाच प्रार्थनासभेत बायबल आणि कुराण दोन्ही. तिथे एकाच घरात ख्रिस्ती आणि मुसलमान असणं नवलाचं नाही. त्यांना 'उभयधर्मी' म्हणू नये, त्यांचा स्वतंत्र पंथच झालाय. रेडिंगबाईंनी नवीन काही काढलं नाही. त्यांना तो शब्द शोभेल, जरा सरकारी वाटतो एवढंच.

विचारणा
आभार. २००९ मध्ये चर्चने त्यांच्यावर कारवाई केली, तिथे मी 'बहिष्कृत' लिहिलंय.

प्रतिसाद
नको. बहिष्कार म्हणजे समाजाबाहेर काढणं. इथे गेलं ते धर्मगुरुपद. धर्मगुरूला दोन्ही असता येत नाही, असं त्यांच्या बिशपबाईंचं म्हणणं होतं. 'धर्मगुरुपद काढून घेतलं' असं सरळ लिहा. आणि मूळ वाक्यात 'त्या स्वतःला दोन्ही म्हणवतात'.

विचारणा
'म्हणवतात'ला संशयाचा वास येतो. स्वतःला कवी म्हणवतो, तसं.

प्रतिसाद
खरंय. मग 'मी दोन्ही आहे, असं त्या सांगतात'.