मिकेलांजेलीचा देब्युसी ‘थंड’ आहे म्हणे!

शुद्धमध्यम:
फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या पियानोचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. हे संगीत धुक्यासारखं तरल वाजायला हवं, हे एक. आणि इटालियन पियानोवादक आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली सफाईदार खरा, पण थंड, हे दुसरं. पहिलं मला आळशी वाटतं आणि दुसरं त्याच्याच पोटातून आलेलं. म्हणून हा धागा.

मिकेलांजेलीचं १९७१चं, देब्युसीच्या ‘इमाज’ या रचनासंचाचं ध्वनिमुद्रण ऐका. त्यातल्या ‘रफ्ले दां लो’मध्ये (पाण्यातली प्रतिबिंबं) सुरुवातीला कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) वर चढतात, खाली उतरतात आणि मधल्या पट्टीत तीनच सुरांचा एक साधा तुकडा येत राहतो. बरेच वादक कॉर्डांचा लगदा करतात आणि हे तीन सूर त्यावर ठळक मारतात. मिकेलांजेलीकडे कॉर्डमधल्या प्रत्येक सुराचं वजन निराळं असतं. तीन सूर वेगळे कळतात, पण ते ठोकलेले नसतात. पाणी हलतंय हे यातूनच जाणवतं. त्यासाठी पेडलचा (सूर लांबवणाऱ्या, पायाने दाबायच्या पट्टीचा) चिखल लागत नाही.

आणि थंडपणाचं म्हणाल, तर ‘बर्फावरची पावलं’ या प्रेल्यूडच्या (छोट्या पियानो-तुकड्याच्या) सुरुवातीलाच देब्युसीने लिहून ठेवलंय की ही लय उदास, गोठलेल्या निसर्गदृश्याच्या पार्श्वभूमीसारखी वाटायला हवी. ते उबदार कशाला वाजवायचं? शिवाय प्रेल्यूडांची नावं त्याने तुकडा संपल्यावर, खाली कंसात छापली. म्हणजे आधी ऐका, नाव नंतर वाचा. धुकं हवं असणारी मंडळी नावच ऐकत बसतात.

रात्रपाळी:
लेख आवडला, मत अजिबात पटलं नाही.

पियानोला हातोड्या असतात याचा विसर पडला पाहिजे, असं देब्युसी सांगायचा, ही आठवण त्याच्या ओळखीच्या वादकांनी नोंदवली आहे. मिकेलांजेली ऐकताना मला हातोडीच आठवते. घासूनपुसून लख्ख केलेली असेल, पण हातोडीच. उलट पियानोवादक वाल्टर गीझेकिंग ऐका. जन्म फ्रान्समधल्या ल्यों शहरातला, आईवडील जर्मन. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने देब्युसीचं जवळजवळ सगळं पियानोसंगीत ध्वनिमुद्रित केलं. मोनो (स्टिरिओ नसलेलं) आहे, आवाज सपाट आहे, सगळं मान्य. पण सूर सुरू कधी झाला ते कळत नाही, तो नुसता असतो. हे मिकेलांजेलीला कधी जमलेलं दाखवा.

म्हापशेकर:
मी पियानो शिकवते, म्हणून थोडं पेडलबद्दल. देब्युसीने पेडलच्या खुणा जवळजवळ लिहिल्याच नाहीत. त्यामुळे ‘धुकं की स्वच्छ’ हा वाद बराचसा उजव्या पायाचा वाद आहे.

‘व्वाल’ हे प्रेल्यूड घ्या. मधले काही बार (तालाचे छोटे खंड) सोडले तर सगळं होल-टोन स्केलमध्ये (सगळ्या सुरांत सारखंच अंतर असलेल्या सप्तकात) आहे आणि खाली तोच एक बी-फ्लॅट सतत वाजत राहतो. तो टिकवायचा तर पेडल दाबून ठेवावं लागतं आणि मग वरचे सूर एकमेकांत मिसळतात. पेडल उचललं की वरचं साफ होतं, पण खालचा सूर मरतो. उपाय एकच, पाय पुरता न उचलता जेमतेम सैल करायचा, म्हणजे वरचं पुसलं जातं आणि खालचं उरतं. विद्यार्थ्यांना हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि जमायला वर्षं. मिकेलांजेलीच्या १९७८च्या ध्वनिमुद्रणात हे इतकं सहज होतं की लक्षातही येत नाही.

रात्रपाळी, एक विचारू? गीझेकिंग तरी धुकं कुठे करतो? त्याचे सूरही सुटे आणि स्वच्छच आहेत, फक्त आवाजाला हळू आहेत. तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडताय की काय असं वाटतंय.

रात्रपाळी:
नाही हो ताई, हळू असणं हाच तर मुद्दा आहे.

बडा ख्याल:
बाहेरच्या माणसाचे दोन पैसे. मी ख्याल ऐकणारा. आमच्याकडे गवई बंदिश घेतो आणि पुढचा तासभर स्वतःचं काहीतरी घडवतो, दाद त्याला मिळते. इथे सगळे सूर आधीच लिहिलेले, आणि कौतुक कशाचं, तर पाय जरासा सैल करण्याचं!

मला तर वाटतं लोक दंतकथेला दाद देतात. हा माणूस कार्यक्रम ऐनवेळी रद्द करणार, स्वतःचा पियानो आणि जुळवणारा कारागीर बरोबर घेऊन फिरणार, मोजक्याच रचना वाजवणार. इतका नखरा पाहिल्यावर श्रोता आधीच नतमस्तक. मग काय, बोट लावलं तरी ‘अहाहा’.

शुद्धमध्यम:
नखऱ्याचं खरं आहे. पण ध्वनिमुद्रण लावल्यावर नखरा ऐकू येत नाही. आणि ‘सगळे सूर लिहिलेले’ म्हणता, तर सुराचं वजन, दोन सुरांमधली जागा, पेडल, यातलं फारच थोडं कागदावर असतं. ख्याल ऐकणाऱ्याला हे मी काय सांगू! एकच करा. फ्रेंच संगीतकार रावेलच्या जी मेजर कन्चेर्तोचा (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) दुसरा भाग, मिकेलांजेलीचं १९५७चं ध्वनिमुद्रण. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा गप्प असतो, बराच वेळ एकटा पियानो चालतो. ऐकून इथे लिहा.

कोपऱ्यातली खुर्ची:
वाचतेय. मस्त चाललंय.

रात्रपाळी:
बरं झालं तुम्हीच तो भाग काढलात. नीट कान द्या. डावा हात आधी पडतो, उजव्या हातातली सुरावट क्षणभर मागून येते. पुन्हा पुन्हा. जुन्या पिढीतल्या वादकांची ही सवय. आणि रावेलचा आग्रह काय होता? माझ्या संगीताचा अर्थ लावू नका, नुसतं वाजवा. मग तुमचा हा काटेकोर, थंड, कागदाशी इमान राखणारा माणूस इथे काय करतोय?

शुद्धमध्यम:
थंड मी म्हटलंच नव्हतं, तुम्ही म्हणत होता! आता तोच माणूस भावनेच्या भरात हात मागेपुढे करतो अशी तक्रार. दोन्ही तक्रारी एकदम चालणार नाहीत.

टिपणवही:
कागदाशी इमान हा मुद्दा देब्युसीच्या बाबतीत आणखी अवघड आहे. १९१२च्या सुमारास त्याने स्वतः वेल्टे-मिन्योन कंपनीसाठी पियानो रोल (यंत्राने पुन्हा वाजवता येणाऱ्या, वादन नोंदवलेल्या भोकांच्या कागदी गुंडाळ्या) केले. त्यात ‘बुडालेलं कॅथेड्रल’ हे प्रेल्यूड आहे. छापील प्रतीत काही सांगितलेलं नसताना तो सातव्या बारपासून वेग दुप्पट करतो, मग मूळ वेगावर येतो, पुढे पुन्हा दुप्पट. कागदावर आहे तेच वाजवणारा वादक इथे संगीतकाराच्याच विरुद्ध जातो.

रात्रपाळी:
पियानो रोलवर किती भरवसा ठेवायचा? यंत्राचा वेग कमीजास्त होतो, पेडलचं तर बोलायलाच नको.

टिपणवही:
यंत्राचा वेग चुकला तर अख्खा तुकडाच वेगात जाईल. नेमके काही बार दुप्पट आणि बाकीचे संथ, हे यंत्र कसं करेल? पेडल आणि हळू-जोर याबाबत मात्र तुमचं बरोबर, रोलवरून ते ठरवू नये.

बडा ख्याल:
रावेल ऐकला. हात मागेपुढे होतात ते कळलं आणि आवडलंही. सूर उशिरा आला की कान त्याची वाट बघतो. दंतकथेचं मत मात्र मी मागे घेतलेलं नाही. देब्युसी अजून बाकी आहे, कुठून सुरू करू?

म्हापशेकर:
प्रेल्यूडांचे दोन भाग आहेत, त्यातला पहिला घ्या. गीझेकिंगचा आधी, मग मिकेलांजेलीचा. उलट केलंत तर जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर आड येईल आणि रात्रपाळींवर अन्याय होईल.

रात्रपाळी:
धन्यवाद ताई. आणि प्रेल्यूडांचा दुसरा भाग मिकेलांजेलीने १९८८ला केला, तोही ऐका म्हणावं. तिथे सूर कडक झालाय. पहिल्या भागावर मी एखादं पाऊल मागे येईन, दुसऱ्यावर नाही.

शुद्धमध्यम:
कडक? दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘आतषबाजी’ हे प्रेल्यूड आहे, मागून मार्सेयेझचा (फ्रान्सच्या राष्ट्रगीताचा) तुकडा पुसट येतो. तो किती लांबून येतो ते ऐका आणि मग कडक म्हणा.

रात्रपाळी:
ऐकलंय. तिथेही कडक.