क्विझ घ्यायची, द्यायची की सोडवायची?

प्रश्न: आमच्या जुन्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर हल्ली रोज रात्री कुणीतरी क्विझची लिंक टाकतं. कधी देशांच्या राजधान्या, कधी 'तुम्ही कोणता पक्षी आहात?' परवाच्या लिंकवर चक्क मराठीत लिहिलं होतं, 'ही चाचणी घ्या'. खटकलं. शाळेत चाचणी बाई घ्यायच्या, आम्ही द्यायचो. मग इथे क्रियापद कोणतं? आणि क्विझला प्रश्नमंजूषाच म्हणायचं का?

पुणेकर: 'चाचणी घ्या' हे इंग्रजीवरून जसंच्या तसं उचललेलं आहे. मराठीत परीक्षा घेणारा मास्तर आणि देणारा विद्यार्थी. राजधान्यांची क्विझ सोडवायची, शब्दकोडं सोडवतात तशी. चौघं मिळून करत असाल तर 'खेळू या' उत्तम. प्रश्नमंजूषा शब्द चांगलाच आहे (मंजूषा म्हणजे पेटी, 'जू' दीर्घ), पण त्याला स्नेहसंमेलनातल्या माइकचा आवाज आहे. रात्री अकरा वाजता मैत्रिणीला कोण म्हणेल, 'ये गं, प्रश्नमंजूषा सोडवू'?

नागपूरवाली: पक्ष्याच्या क्विझमध्ये सोडवणार काय? उत्तर चुकायची सोयच नाही. आम्ही 'भरली' म्हणतो, फॉर्म भरतात तशी. 'मी भरली, मला घुबड आलं.' परीक्षेचा निकाल लागतो, इथे नुसतं 'येतं'. माझ्या मते खरा फरक या 'येतं'मध्येच आहे.

मालवणी माणूस: मग सरळ 'कौल' म्हणा की! देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, आपण कौल लावतो आणि देव कौल देतो. मूर्तीला लावलेलं फूल उजवीकडे पडेल की डावीकडे, ते आपल्या हातात नसतं. 'पक्ष्याचा कौल लावला, घुबड मिळालं.' देणारा कोण, मागणारा कोण, हा घोळही मिटला.

पणजीहून: कल्पना झकास, पण आमच्याकडे कौल म्हटलं की आधी गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरचा 1967 चा जनमत कौल आठवतो. तो लोकांनी दिला होता, देवानं नव्हे. मराठी संकेतस्थळांवरही मतदानालाच 'कौल' म्हणतात. त्याआधी कौलनामा म्हणजे अभयाचं, कराराचं पत्र. मुळात अरबीतला 'शब्द', 'वचन'. एवढी कामं करणाऱ्या शब्दावर आणखी एक घुबड बसवू नका.

मानसशास्त्राची शिक्षिका: काहीही म्हणा, फक्त 'व्यक्तिमत्त्व चाचणी' म्हणू नका. तो शब्द रीतसर तपासून घेतलेल्या चाचण्यांसाठी राहू द्या. दहावीच्या मुलांची असायची ती कल चाचणी, तीही निराळी. पक्ष्याच्या क्विझचं मर्म मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररनं 1948 मध्येच दाखवलं होतं. वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांकडून त्यानं प्रश्नावली भरून घेतली आणि सगळ्यांना एकच वर्णन दिलं, तेही बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेलं. आपापलं वर्णन किती जुळतं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले! म्हणून कौल मला पटतो. आणि लिंकवर नाव, जन्मतारीख, मित्रयादी मागत असतील तर लावूच नका. लोकांची माहिती त्यांच्या नकळत राजकीय प्रचारासाठी वापरल्याच्या, 2018 साली उघडकीला आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाची सुरुवात अशाच एका फेसबुकवरच्या क्विझपासून झाली होती.

पुणेकर: कौल मान्य, पण फक्त पक्ष्यांसाठी. राजधान्या सोडवायच्याच. त्यात मला ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा ठाऊक होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

नागपूरवाली: 'व्यक्तिमत्त्व'च्या शेवटच्या 'त्त्व'मध्ये दोन त लिहिल्याबद्दल शिक्षिकाबाईंचे आभार. लिंकवर एकच होता.